माउंटन बाइकच्या शॉकअपची निगा : घरगुती व कार्यशाळेतील

खडबडीत वाटेच्या सायकलीला पुढच्या चिमट्यात, आणि महागड्या सायकलींना मागच्या चाकापाशीही, धक्के शोषणारी यंत्रणा असते. ठरावीक तासांच्या वापरानंतर ती उघडून साफ करणे, तिचे तेल, ग्रीस व सील बदलणे म्हणजे तिची सर्व्हिसिंग. यांतला काही भाग घरी करता येतो, काही कार्यशाळेतच करावा लागतो. पुण्या-मुंबईच्या सायकलस्वाराला ही निवड सवडीची आणि खर्चाची वाटते. नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या गावी ती अंतराचीही असते, कारण हे काम जाणणारा कारागीर शोधायला ताप्ती मार्गाच्या रेल्वेने सुरत गाठावे लागते, नाहीतर नाशिक-पुण्याकडे पार्सल करावे लागते.

अशा सायकली या भागात अजून थोड्याच आहेत. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना मिळालेल्या सायकलींचा चिमटा ताठ असतो. त्यात उघडण्यासारखे काही नसते आणि त्यामुळे बिघडण्यासारखेही नसते. तोरणमाळच्या घाटात किंवा सातपुड्याच्या पायवाटांवर सायकल घालणाऱ्यालाच शॉकअपची खरी गरज पडते. गावातल्या डांबरी रस्त्यावर शॉकअपची सायकल हौसेची असते, आणि तिच्या वाढीव वजनामुळे पायांना त्रासच होतो.

पूर्वपीठिका : मोटरसायकलींत रुळलेली ही यंत्रणा सायकलीवर व्यापारी प्रमाणात आली ती १९८९ च्या सुमारास, अमेरिकेतील रॉकशॉक्स कंपनीच्या आरएस-१ या चिमट्याने. पॉल टर्नर यांनी बनवलेला हा चिमटा जेमतेम ५० मिलिमीटर दबत असे. १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी उताराची शर्यत रॉकशॉक्सच्या चिमट्यावर जिंकली आणि शंकेखोरांची तोंडे बंद झाली. आज क्रॉस-कंट्रीचे चिमटे १०० ते १२० मिलिमीटर, तर डाउनहिलचे २०० मिलिमीटरपर्यंत दबतात. भारतात माउंटन बाइकचा खेळ अजून लहान आहे. तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळातील पोनमुडी येथे आशियाई माउंटन बाइक स्पर्धा भरली होती.

रचना : चिमट्याच्या गुळगुळीत आतल्या नळ्या बाहेरच्या पायांत वरखाली सरकतात. बहुतेक चिमट्यांत एका बाजूला स्प्रिंग असते, पोलादी किंवा कोंडलेल्या हवेची. दुसऱ्या बाजूला तेलाचा डॅम्पर असतो; दबलेला चिमटा उसळी मारून परत येऊ नये, सावकाश यावा, हे त्याचे काम. नळी जिथे बाहेरच्या पायात शिरते तिथे धूळ अडवणारे सील असते, त्याखाली तेल पिणारी फोमची कडी आणि तळाशी थोडेसे वंगणतेल. डॅम्परचे तेल वेगळ्या बंद कप्प्यात असते. तळाचे तेल घरी बदलता येते, बंद कप्प्यातले सहसा नाही. घर आणि कार्यशाळा यांची हद्द मुळात इथे पडते.

मुदत : रॉकशॉक्स बाहेरचे पाय दर ५० तासांनी साफ करायला सांगते, आतल्या भागांची मुदत मॉडेलनुसार बदलते. फॉक्स कंपनीची शिफारस १२५ तास किंवा वर्ष, जे आधी येईल ते. दर रविवारी तीन तास चालवणाऱ्याचे ५० तास चार महिन्यांत भरतात, रोज तासभर चालवणाऱ्याचे दोन महिन्यांच्या आतच. हे आकडे सर्वसाधारण हवामान धरून दिलेले असतात. तापीखोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी बारीक होते आणि पावसाळ्यात सीलच्या ओठावर चिकटून बसते, त्यामुळे इथे मुदत आखडती धरावी. त्याहून वाईट म्हणजे वॉशिंग सेंटरवरचा जोरदार फवारा. बाहेरून सायकल चकचकीत दिसते, पण तो फवारा सीलच्या फटीतून गाळ थेट आत लोटतो. बादली आणि फडके पुरेसे आहे.

घरचे काम : एलन की, टॉर्क रेंच, रबरी हातोडा, मिलिलिटरच्या खुणांची सिरिंज, सीलचा संच, चिमट्याचे ग्रीस-तेल आणि हवेचा चिमटा असेल तर शॉक पंप, एवढे साहित्य लागते. साधा हातपंप चालत नाही. शॉक पंप थोडी हवा मोठ्या दाबाने भरतो आणि त्यावर मीटर असतो. पुढचे चाक काढावे आणि ब्रेकचा कॅलिपर सोडवून दूर बांधावा. तेलाचा एक थेंब ब्रेकपॅडवर पडला तरी पॅड सहसा टाकून द्यावे लागतात, आणि घरी केलेल्या कामात सर्वांत जास्त नुकसान याच एका थेंबाने होते. हवा पूर्ण सोडावी. तळाचे बोल्ट काही आटे सैल करून त्यांवर रबरी हातोड्याने ठोकले की आतल्या दांड्या सुटतात. मग खाली ट्रे धरून तेल गळू द्यावे आणि बाहेरचे पाय ओढून काढावेत. आतला भाग धागे न सुटणाऱ्या कपड्याने व आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. रॉकेल-पेट्रोलचा मोह टाळावा, त्याने रबर फुगते. फोमची कडी तेलात भिजवून बसवावी, सीलला आतून ग्रीस लावावे, कंपनीने सांगितले तेवढेच तेल भरावे आणि बोल्ट ठरल्या ताकदीने आवळावेत. पहिल्या खेपेला या कामात अख्खी दुपार जाते.

हवेचा दाब ऋतूप्रमाणे तपासावा, हे कंपन्यांच्या पत्रकांत क्वचितच ठळक छापलेले असते. डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांवर ८० पीएसआय भरलेली हवा मे महिन्यात ४२ अंशांवर सुमारे ९० पीएसआय भरते. नंदुरबारच्या उन्हाळ्यात चिमटा अचानक कडक वाटू लागला तर आधी मीटर पाहावा; उघडायची घाई नको.

दुचाकीचा मेकॅनिक : गावाजवळ सापडणारा तिसरा पर्याय हाच. त्याला ऑइल सील, बुश, गळती सगळे कळते आणि त्याचा हात सरावलेला असतो. अडचण मापाची असते. मोटरसायकलीच्या पायात शंभर-दीडशे मिलिलिटर तेल सहज मावते. सायकलीच्या हवेच्या चिमट्याच्या तळाला पाच-दहा मिलिलिटर लागते. जास्त भरले तर चिमटा पूर्ण दबतच नाही आणि मोठा धक्का बसताच सील किंवा आतला भाग निकामी होतो. तरीही कंपनीचे पत्रक समोर ठेवून, शेजारी बसून काम करून घेतले तर हा पर्याय वाईट नाही.

कार्यशाळेचे काम : डॅम्परमधली हवा निर्वात यंत्राने काढून नवे तेल भरणे, झिजलेले बुश काढून मापात बसवणे आणि मागच्या शॉकचा नायट्रोजनचा कप्पा पुन्हा भरणे. या कप्प्यातला दाब २५० पीएसआय किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. कोंडलेला वायू असताना असा शॉक पाना लावून उघडणे जिवावर बेतू शकते. इथे काटकसरीचा विचारच करू नये. आतल्या नळीवरचा मुलामा ओरखडून धातू दिसू लागला असेल, तर बहुधा कार्यशाळाही दुरुस्ती करत नाही, वरचा सगळा भाग बदलते. तो खर्च कधी कधी नव्या चिमट्याच्या जवळ जातो. आणखी एक, वॉरंटी चालू असताना डॅम्पर घरी उघडला तर ती गमावण्याची शक्यता असते.

स्वस्त चिमटे : भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कमी किमतीच्या माउंटन बाइकना एसआर सनटूरच्या एक्ससीटीसारखा किंवा त्याहून साधा पोलादी स्प्रिंगचा चिमटा असतो. त्याच्या नळ्या पोलादी, आत ग्रीस आणि तेलाचा डॅम्पर नाहीच. असा चिमटा पार्सलने कार्यशाळेत पाठवणे हा पैशांचा अपव्यय आहे. पावसाळा संपला की उघडून गंज पुसावा आणि नवे ग्रीस भरावे. तो खिळखिळा झाला तर बदलावा, आणि रोजचा रस्ता डांबरी असेल तर त्याजागी ताठ चिमटा बसवला तरी चालतो.

पाठवणी : मागचा शॉक सहसा दोन बोल्टांवर निघतो, त्यामुळे अख्खी सायकल पाठवायची गरज नसते. चिमटा काढायचा तर हँडलचा स्टेम, ब्रेक आणि चाक सोडवावे लागते. काढताना हेडसेटच्या बेअरिंगांचा क्रम फोटो काढून ठेवावा. मुख्य कप्प्यातली हवा सोडावी, नळ्यांना फोम गुंडाळावा आणि पार्सलमध्ये स्वाराचे वजन व तक्रार लिहिलेली चिठ्ठी टाकावी. चिमट्यावर किंवा शॉकवर कोरलेला मॉडेल-क्रमांकही तिच्यात हवा. त्यावरूनच सीलचा संच निवडला जातो. म्हणून हा क्रमांक सायकल घेतानाच बिलाच्या पाठीवर उतरवून ठेवावा.