चंदगड वगळून

१९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्यात मुंबई राज्यातून म्हैसूरला द्यायच्या मुलखाची यादी आहे. विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे सबंध. बेळगाव जिल्हा मात्र चंदगड तालुका वगळून. निपाणीच्या हायस्कुलात भूगोल शिकवताना सीमाप्रश्न मी मुलांना या यादीपासून समजावत असे. मोर्चे, गोळीबार, हुतात्मे हे सगळं त्यांच्या कानावर घरी पडतच होतं. जिल्हा मोडायचा नाही असं ठरलं होतं, तर मग चंदगडसाठी तो का मोडला, आणि मोडलाच तर तिथेच का थांबले, याचं उत्तर मात्र नकाशातच शोधावं लागतं.

मी फळ्यावर एकाच जिल्ह्याचे तीन नकाशे काढायचो. पहिल्यात जिल्हा हे एकक. सौंदत्ती, बैलहोंगल, गोकाक, अथणी धरून हिशेब केला की कन्नड बहुमत स्पष्ट, वादच नाही. दुसऱ्यात तालुका. आता चंदगड जवळजवळ संपूर्ण मराठी, आणि बेळगाव व खानापूर तालुक्यांत मराठी निम्म्याहून थोडी वर. आमची निपाणी मात्र या नकाशावरही दिसत नाही. ती तेव्हा चिकोडी तालुक्यात होती आणि चिकोडीच्या बेरजेत बुडून गेली. तिसऱ्यात गाव हे एकक धरलं, की वेदगंगा-दूधगंगेच्या काठचा पट्टा आणि त्यातली निपाणी वर येते. माणसं तीच, त्यांची भाषा तीच. नकाशाचं एकक बदललं की निकाल बदलतो. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५मध्ये पहिला नकाशा पसंत केला आणि चंदगडपुरता दुसरा. बेळगाव-खानापुरातलं मराठी बहुमत त्यांना तोकडं वाटलं आणि जिल्ह्याचे व्यवहार तोडू नयेत असं त्यांचं मत पडलं.

महाराष्ट्राची बाजू तिसऱ्या नकाशावर उभी आहे. खेडं हे घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा, ही तिची चार तत्त्वं. १९५७च्या निवेदनात ८१४ गावं मागितली, आता ८६५ म्हणतात. आंध्र आणि मद्रास यांच्यातली हद्द ह. वि. पाटसकरांनी खेडं हाच घटक धरून सुचवली आणि १९५९मध्ये संसदेने तसा कायदाही केला. तिथे चाललं ते इथे का चालत नाही, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

शाळेतले माझे एक सहकारी गोकाककडचे. ते म्हणायचे, "सर, तुमचं दुःख १९५६ला सुरू झालं, आमचं त्या वर्षी संपलं." त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं. कन्नड मुलूख मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर आणि कोडगू असा विखुरलेला होता. १९२४मध्ये बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हाच कर्नाटक एकीकरणाची परिषदही तिथे झाली. पुढे १९४६मध्ये त्याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झालं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. एका शहरात दोन एकीकरणांची मागणी उभी राहिली, आणि दोन्ही खऱ्या गरजेतून. म्हणून १ नोव्हेंबरला, राज्यस्थापनेच्या दिवशी, एका गल्लीत राज्योत्सव आणि शेजारच्या गल्लीत काळा दिवस, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पण भाषेच्या पलीकडे बाजारपेठेचा एक नकाशा असतो, तो दोन्ही राज्यांच्या निवेदनांत फारसा सापडत नाही. चंदगड महाराष्ट्रात गेलं, तरी तिथला माणूस मोठ्या खरेदीला आणि मोठ्या दवाखान्याला बेळगावलाच जातो; त्याचं जिल्ह्याचं ठाणं कोल्हापूर कितीतरी लांब. निपाणीचं उलट. कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल, पुढे कोल्हापूर. आमची सोयरीक आणि बाजार तिकडे, जिल्ह्याची कचेरी बेळगावला. आणि निपाणीची तंबाखू तर कुठलीच हद्द मानत नाही. १९८१मध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर हमरस्ता अडवला, तेव्हा मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे एकाच रस्त्यावर बसले होते. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्याच काळात तंबाखूच्या वखारीतल्या बायकांनी संघटना बांधली. त्यांच्यावर 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा माहितीपटही निघाला. वखारीतली धूळ मराठी आणि कन्नड छातीत सारखीच जाते. आमच्या गावाचा इतिहास लिहिताना लोक हे प्रकरण सीमालढ्यापासून वेगळं ठेवतात. मला ते पटत नाही. या मुलखाला जोडणारं काय आहे, हे त्या आंदोलनाइतकं दुसऱ्या कशातूनच कळत नाही.

पाण्याचाही एक नकाशा आहे. महाराष्ट्रात असलेल्या जत तालुक्याच्या पूर्व भागातली दुष्काळी गावं पाणी मिळत नाही म्हणून कर्नाटकात जाण्याची भाषा करतात. २०२२च्या अखेरीस तोच धागा धरून कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतवर हक्क सांगितला.

हा सीमावाद सोडवण्यासाठी महाजन आयोग १९६६मध्ये नेमला गेला आणि पुढच्या वर्षी अहवाल आला. बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवायचं, २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्यायची. महाराष्ट्राने तो नाकारला, कर्नाटक तोच अंतिम मानतं. पण त्या २६४मध्ये खानापूर आहे, नंदगड आहे आणि निपाणी आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या मागणीप्रमाणे निपाणी महाराष्ट्राची, आणि कर्नाटक ज्या अहवालाला चिकटून आहे त्याप्रमाणेही महाराष्ट्राची. दोन्ही बाजूंच्या कागदांचं एकमत असूनही आम्ही जिथे होतो तिथेच आहोत, कारण बेळगावचा निकाल लागल्याशिवाय आमचा लावायला कुणी तयार नाही. माझा राग याच गोष्टीचा आहे.

महाराष्ट्राने २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. हद्द बदलणं हा तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेचा अधिकार, असं कर्नाटक म्हणतं. दरम्यान २०१४पासून बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं आहे, आणि २०१८ व २०२३च्या विधानसभा निवडणुकांत महाराष्ट्रात जाण्यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. लोकांची इच्छा आटली असा याचा अर्थ मी लावत नाही. ती थकली आहे.

निकाल येईल तेव्हा येवो. जिथे अल्पसंख्य भाषा बोलणारे किमान १५ टक्के आहेत तिथे महत्त्वाचे सरकारी नियम, सूचना वगैरे कागद त्यांच्याही भाषेत द्यावेत, हे १९५६ सालापासून केंद्र सरकारचं धोरण आहे, आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं अनुच्छेद ३५०-अ सांगतो. त्यासाठी हद्द इंचभरही हलवावी लागत नाही. जमिनीचा कन्नड उतारा वाचून घ्यायला माझे जुने विद्यार्थी आजही येतात, तेव्हा उतारा वाचून झाला की त्याच बैठकीत मराठी प्रतीसाठी तहसीलदारांच्या नावे अर्जही लिहून देतो.