धाक आणि विश्वास : श्वानशिक्षणांतील एका वादाचा इतिहास

नांदेड जिल्ह्यांतील माळेगांव येथें दरवर्षीं मार्गशीर्षाच्या उत्तरार्धांत खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवें, उंट आणि गुरेंढोरें यांच्या बाजाराबद्दल ती दूरवर प्रसिद्ध आहे. खंडोबाच्या चित्रांत देवाच्या घोड्यापाशीं कुत्रा असतोच. तेव्हां या यात्रेच्या पशुप्रदर्शनांत कुत्र्यालाहि मान मिळावा हें स्वाभाविक होय. लांब पायांचा, निमुळत्या तोंडाचा, पोट खपाटीस गेलेला कारवानी कुत्रा हें मराठवाड्याचें भूषण. लातूरकडील खेड्यांतून त्याची पैदास जिव्हाळ्यानें केली जाते. अंगावर लांब, मऊ केस असलेल्या त्याच्या भाईबंदास पश्मी म्हणतात.

अशा कुत्र्यास शिकवावें कसें, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. त्यावर गेलीं शंभर वर्षें जगभर वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, कुत्रा हा मूळचा लांडगा. लांडग्यांच्या टोळींत एकाचेंच राज्य चालतें. म्हणून घरांत माणसानें आपलें वर्चस्व पदोपदीं सिद्ध केलें पाहिजे. आधीं आपण जेवावें, मग कुत्र्यास घालावें. दारांतून आधीं आपण जावें. त्यानें हट्ट केला तर त्यास उताणें पाडून दाबून धरावें. दुसरा पक्ष म्हणतो, ही शिकवण नव्हे, ही नुसती दहशत. हव्या त्या वर्तनास बक्षीस द्यावें, म्हणजे तें वर्तन आपोआप अंगवळणीं पडतें.

पहिल्या पक्षाचा इतिहास पाहूं लागलें, तर त्याचा आरंभ पोलीस आणि पलटणींत झालेला दिसतो. १९१० सालीं जर्मनींत कोनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्याचें श्वानशिक्षणावरील पुस्तक प्रसिद्ध झालें. मोस्ट निव्वळ मारकुटा नव्हता. शाबासकी योग्य क्षणींच दिली पाहिजे, हें त्यानें ओळखलें होतें. तथापि धनी कोण याचा निकाल अखेर बळानेंच लागतो, अशी त्याची धारणा होती. पुढें १९२० नंतर नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे यानें कोंबड्यांच्या खुराड्यांत कोणी कोणास टोचावें याचीहि एक ठराविक उतरंड असते, असें दाखविलें. प्राणिसमाज म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांची शिडी, ही कल्पना तेव्हांपासून रूढ झाली.

या कल्पनेस लांडग्याचा आधार मिळाला तो १९४७ सालीं. रुडॉल्फ शेंकेल या स्विस शास्त्रज्ञानें बाझेलच्या प्राणिसंग्रहालयांतील लांडग्यांचें निरीक्षण करून एक निबंध प्रसिद्ध केला. नरानरांत आणि माद्यामाद्यांत अग्रस्थानासाठीं सतत झुंज चालते आणि जिंकणारें जोडपें इतरांवर सत्ता गाजवितें, असें त्यानें लिहिलें. निरीक्षण खोटें नव्हतें. पण हे लांडगे राहत कोठें? जेमतेम दहा मीटर रुंद आणि वीस मीटर लांब अशा आवारांत दहापर्यंत लांडगे कोंडलेले असत. तुरुंगांतील कैद्यांचें वर्तन पाहून कोणी कुटुंबव्यवस्थेचे नियम बांधावेत, त्यांतलाच हा प्रकार झाला.

डेव्हिड मीच नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७० सालीं लांडग्यावर एक विस्तृत ग्रंथ लिहिला, त्यांत हीच मीमांसा स्वीकारली, आणि अग्रणी लांडगा घरोघर पोंचला. १९७८ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील न्यू स्कीट मठाच्या साधूंनीं लिहिलेल्या लोकप्रिय पुस्तकांत कुत्र्यास उताणें पाडण्याची शिक्षा सांगितली गेली.

यापुढील भाग खरा मनोवेधक आहे. १९८६ पासून मीच यांनीं कॅनडाच्या उत्तर टोंकाकडील एल्समिअर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे मोकळ्या लांडग्यांच्या सहवासांत काढले. तेथें त्यांस अग्रस्थानाची झुंज दिसली नाहीं. दिसलें तें एक कुटुंब. टोळीचा पुढारी म्हणजे बाप, पुढारीण म्हणजे आई, आणि बाकीचीं सारीं त्यांचीं लहानमोठीं पिलें. वडीलपण हें लढून मिळविलेलें पद नव्हतें. तें नात्यानेंच आलेलें होतें. १९९९ सालीं त्यांनीं हें स्पष्ट शब्दांत प्रसिद्ध केलें आणि स्वतःचाच जुना ग्रंथ छापणें बंद करावें म्हणून प्रकाशकांमागें लकडा लावला. अखेर २०२२ सालीं तो बंद झाला. मठाच्या साधूंनींहि २००२ च्या आवृत्तींतून ती शिक्षा काढून टाकली. आपल्याच कीर्तीचा पाया खणणारी अशी प्रांजळता शास्त्राच्या इतिहासांत विरळाच.

बक्षिसाच्या पक्षाचा उगम प्रयोगशाळेंत झाला. रशियाच्या पावलोव्हनें कुत्र्यांवर केलेले प्रयोग सर्वश्रुत आहेत. अमेरिकेंत स्किनरनें वर्तन त्याच्या परिणामांवरून घडतें हें दाखविलें, आणि त्याचे शिष्य मेरियन व केलर ब्रेलंड यांनीं १९४७ सालीं तीच विद्या पशुशिक्षणाच्या धंद्यांत आणली. पुढें धाकाचे परिणामहि मोजले गेले. २००९ सालीं पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतून एक पाहणी प्रसिद्ध झाली. वर्तनदोषांसाठीं कुत्रीं घेऊन आलेल्या १४० मालकांस त्यांच्या शिक्षापद्धतीविषयीं विचारलें होतें. ज्यांनीं कुत्र्यास मारलें किंवा लाथ घातली, त्यांच्यापैकीं शेंकडा ४३ जणांची कुत्रीं उलट अंगावर आलीं होतीं. उताणें पाडणाऱ्यांत हेंच प्रमाण शेंकडा ३१ निघालें. म्हणजे धाकानें कुत्रा नमतोच असें नाहीं. पुष्कळदां तो भितो, आणि भ्यालेला प्राणी चावतो.

तरी पहिल्या पक्षाचें सारेंच म्हणणें टाकाऊ ठरत नाहीं. गांवांत मोकाट हिंडणाऱ्या कुत्र्यांतहि कोण कोणापुढें माघार घेतो याची रीत असते. शिस्तीवांचून मोठा कुत्रा घरास व शेजाऱ्यास त्रासदायकच होतो. प्रश्न शिस्त असावी कीं नसावी हा नाहीं. ती कशावर उभारावी, हा आहे.

या दृष्टीनें मराठवाड्याच्या माळरानाकडे पाहणें उद्बोधक ठरतें. दख्खनच्या उघड्या माळावर लांडगा अजून आहे, आणि तोहि लहान कुटुंबानेंच राहतो. त्याच माळावर धनगराचा कुत्रा मेंढ्यांची राखण करतो. रात्रीं धनी निजलेला असतां लांडगा आला, तर हुकूम द्यावयास कोणी नसतें. कुत्र्यास स्वतःच उठावें लागतें. कारवान्याचें कामहि असेंच. ससा दृष्टीस पडतांच तो निमिषांत धन्याच्या हांकेपलीकडे जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ही शिकार बंद झाली, आणि शेताची व घराची राखण हेंच त्याचें मुख्य काम उरलें. पण त्याचा पिंड बदललेला नाहीं. अशा कुत्र्यास केवळ काठीच्या भीतीनें बांधलें, तर काठी दूर होतांच शिस्तहि संपते. येथील सारेच धनी दयाळू होते असें मात्र कोणी समजूं नये. काठी आणि साखळी येथेंहि पुष्कळ चालली. परंतु ज्या कामासाठीं हे कुत्रे पाळले गेले, तें काम दूर गेलेला कुत्रा आपण होऊन परतेल या भरंवशावरच चालत असे.

आज शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतहि कारवानी व पश्मी पिलें येऊं लागलीं आहेत. तीं बुजरीं असतात, परक्याच्या स्पर्शास चटकन राजी होत नाहींत. त्यांचा हा संकोच म्हणजे बंडखोरी असें मानून जो त्यांस दाबूं पाहील, तो एका चुकलेल्या निरीक्षणाची शिक्षा निरपराध जनावरास देईल. छडीवांचून विद्या येत नाहीं ही समजूत माणसाच्या शाळेंतून आतां कायद्यानेंच हद्दपार झाली आहे. कोंडलेल्या लांडग्यांवरून निघालेला नियम शास्त्रानें मागें घेतला. आतां तो घराच्या अंगणांतूनहि मागें घेतला गेला पाहिजे. धनीपण हें आईबापांच्या वडीलपणासारखें असावें: निश्चयी, सावध, आणि ज्याच्याजवळ परत यावेंसें वाटेल असें.