धोका कुणाला, लाभ कुणाला?

देवरी तालुक्यातल्या चिचगडमध्ये उद्या कुणी मानसिक आरोग्याचा अभ्यास करायला गेलं, तर पहिला प्रश्न विचारण्याआधी संमतीपत्र वाचून दाखवावं लागेल. अभ्यास कशासाठी, त्रास काय होऊ शकतो, लाभ काय, आणि मधेच 'आता पुरे' म्हणायची मुभा, हे सारं त्यात हवं. सरपंचांचा होकार असला तरी ज्याची त्याची संमती वेगळी घ्यायची. वाचता न येणाऱ्याचा अंगठा त्रयस्थ साक्षीदारासमोर घ्यायचा.

या कागदाचं मूळ 1947 च्या न्यूरेंबर्ग खटल्यात आहे. छळछावण्यांतल्या कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावताना न्यायालयाने दहा कलमं घालून दिली. प्रश्नाचं मानवी मोल जेवढं, त्यापलीकडे धोका जाता कामा नये, हे त्यातलं सहावं.

मानसशास्त्राला हा धडा उशिरा कळला. 1961 मध्ये येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी 30 बटणांचं एक यंत्र मांडलं. शेजारच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की भाग घेणाऱ्याने त्याला विजेचा झटका द्यायचा, दर वेळी 15 व्होल्टने वाढवत. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते खरे वाटत. माणसं घामाघूम झाली, थरथरली; तरी पहिल्या 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले. 1964 मध्ये मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी जाब विचारला: या माणसांच्या मनाला झालेल्या इजेचं काय? भाग घेतल्याचं समाधानच वाटतं, असं बहुतेकांनी मागाहून सांगितल्याचा दाखला मिलग्रॅम यांनी दिला. पण धोका ठरवणारा आणि त्यातून नाव कमावणारा माणूस एकच होता, हा खरा दोष.

तो दूर करायलाच नैतिकता समित्या आल्या. अमेरिकेत 1966 पासून सरकारी पैशावरच्या वैद्यकीय संशोधनाला स्वतंत्र तपासणी लागू लागली; 1979 च्या बेलमाँट अहवालाने धोका-लाभाची शिस्तशीर मांडणी केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं संशोधनातल्या नैतिकतेविषयीचं पहिलं धोरण 1980 चं. मुंबईच्या 'सेहत' संस्थेच्या पुढाकाराने 2000 मध्ये आरोग्यातल्या सामाजिक संशोधनासाठी मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली. परिषदेच्या 2017 च्या नियमांनुसार समितीत कायदा जाणणारा आणि एक सामान्य नागरिकही लागतो.

पण धोका जागेनुसार बदलतो. नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रसिद्ध प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत मरणाचे विचार आले का, असा आहे. शहरात तो एक रकाना असतो. चिचगडच्या अंगणात एखाद्या बाईला सासू, शेजारी ऐकत असताना विचारला, तर तिचं उद्याचं जगणं अवघड होतं. 'हो' म्हणणाऱ्याला त्याच दिवशी कुणाकडे न्यायचं हे ठरलेलं नसेल, तर विचारण्याचा हक्कच नाही. पोलीस आणि नक्षलवादी यांच्या कात्रीत वर्षं काढलेल्या या पट्ट्यात नावांची वहीसुद्धा धोकादायक.

लाभ मात्र प्रबंधाच्या रूपाने लगेच शहरात जातो. म्हणून समितीत गोंडी आणि झाडीबोली जाणणारा, त्या भागातला माणूस हवा, आणि निष्कर्ष आधी गावाला सांगितले जावेत. त्रास ज्यांनी सोसायचा, त्यांच्याविना केलेला हिशोब अपुराच राहतो.