वेळापत्रकात दिसणारा समाज

इतिहासाची साधने म्हटली की आपल्याला ताम्रपट, बखरी, सरकारी दप्तरे आठवतात. आज आपण जरा वेगळे साधन घेऊ: एका रेडिओ केंद्राचे दिवसभराचे वेळापत्रक. केंद्र आहे ब्रिटनचे बीबीसी रेडिओ फोर. हे नाव मिळाले ३० सप्टेंबर १९६७ ला. त्याआधी तीच 'होम सर्व्हिस' होती, १९३९ च्या सप्टेंबरात सुरू झालेली. इथे संगीत थोडे, बोलणे फार. बातम्या, नाटके, चर्चा, विनोद, पुस्तकवाचन.

आमचे म्हणणे एवढेच, की कोणता कार्यक्रम किती वाजता ठेवला यावरून कळते, त्या वेळी रेडिओपाशी कोण बसले असेल असे चालवणाऱ्यांनी गृहीत धरले होते.

पहाट घ्या. सहाच्या आत जहाजांसाठी समुद्रावरच्या हवामानाचा अंदाज. बेटांभोवतीच्या समुद्राचे ३१ विभाग, ठरलेल्या क्रमाने. याचे मूळ रेडिओच्याही आधीचे. १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' जहाज वादळात फुटले, चारशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर फिट्झरॉय यांनी तारायंत्राने बंदरांना वादळाचे इशारे पाठवायची व्यवस्था उभारली. मग शेतीचा कार्यक्रम, मग सहापासून बातम्यांचा 'टुडे'. म्हणजे बघा, आधी कोळी, मग शेतकरी, मग कचेरीत जाणारा. जो आधी उठतो त्याचा मान आधी!

आता बायकांचे पाहू. 'वुमन्स अवर' १९४६ मध्ये दुसऱ्या एका वाहिनीवर सुरू झाला, वेळ दुपारी दोनची. जेवणे उरकली, भांडी झाली, आता बाई मोकळी, हा हिशेब. आणि पहिला निवेदक कोण? पुरुष! पुढे कार्यक्रम रेडिओ फोरवर आला आणि १९९१ मध्ये सकाळी हलवला, तेव्हा श्रोत्यांनी तक्रारी केल्या. वेळ बदलणे म्हणजे कुणाच्या तरी दिवसाला हात लावणे.

युद्धकाळात सकाळी आठच्या बातम्यांनंतर 'द किचन फ्रंट' लागे. शिधावाटप सुरू होते, मांस तुटपुंजे. या कार्यक्रमात बिनमांसाचा हिंदुस्थानी स्वयंपाक सांगायला आल्या वेणू चितळे, आपल्या मराठी बाई. बीबीसीच्या पूर्वेकडच्या प्रसारणात त्या जॉर्ज ऑर्वेल यांच्याबरोबर काम करीत. एरवी इंग्रजांच्या घरात जो आवाज शिरला नसता, तो टंचाईने थेट स्वयंपाकघरात नेला.

संध्याकाळी सातनंतर 'द आर्चर्स', १ जानेवारी १९५१ पासून देशभर. एका काल्पनिक खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची गोष्ट. अन्नधान्य वाढवायचे होते, म्हणून नव्या शेतीची माहिती गोष्टीत घालून दिली जाई आणि शेतीखात्याचा सल्ला घेतला जाई. शेतकऱ्यासाठी पेरलेले ते शहरवाल्यांनीही आवडीने ऐकले. रात्री अकराच्या सुमारास पुस्तकवाचन, मध्यरात्री बातम्या, आणि पुन्हा समुद्र.

इथे तत्त्वज्ञानाचा प्रश्न येतो. हे सगळे ठरवायचा अधिकार कुणाला? बीबीसीचे पहिले प्रमुख जॉन रीथ यांची धारणा अशी, की माहिती, शिक्षण आणि रंजन एकाच ताटात वाढावे. फक्त आवडीचे वाढू नये. यात वडीलकीचा दर्प आहे, तो आपण नाकारायचे कारण नाही. बाई दुपारीच मोकळी असते, हे रीथपंथीयांनी तिला न विचारताच ठरवले होते.

पण दुसरी बाजूही आहे. ज्याची होडी नाही तो माणूस पांघरुणात पडून समुद्रावरचा वारा ऐकतो. पुरुषाच्या कानी बायकांची दुपार पडते. त्याने ते मागितलेले नसते. आज मोबाईलवर आपण हवे ते, हवे तेव्हा ऐकतो. हे व्याख्यानही तुम्ही तसेच गाठले असेल. निवड आपली झाली, हे चांगलेच. मात्र न मागितलेला आवाज कानावर पडायची वाट अरुंद झाली. लोकशाहीत दुसऱ्याचे दुःख आपण बहुधा मागून घेत नाही. ते कानावर पडावे लागते. वेळापत्रक गेले तर गेले, पण ते काम आता कोण करणार, एवढा प्रश्न घरी घेऊन जा.