सिंहाची वाटचाल

९ डिसेंबर १९६३ रोजी गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली, तेव्हा सिंह चिन्हाच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगोला) वर्षही पुरं झालं नव्हतं. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. सत्ता मगोकडे गेली, विरोधी बाकांवर डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष बसला.

मगोचा माणूस असणं ही नुसती मतापुरती गोष्ट नव्हती. मुंडकाराने घराच्या भिंती स्वतः उभ्या केलेल्या, पण खालची जमीन भाटकाराची. त्याने ऊठ म्हटलं की उठायचं. अशा माणसांच्या बाजूने भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार उभं राहिलं. १९६४ ला कूळ कायदा आला, गावोगाव मराठी शाळा निघाल्या. पोर पाटी घेऊन शाळेत निघालं, त्या दिवसापासून ते घर सिंहाचं झालं. सासष्टीतल्या ख्रिस्ती घराची युनायटेड गोवन्सवरची निष्ठाही तितकीच सच्ची होती. मगोला गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा होता, आणि महाराष्ट्रात गेलो तर आपली भाषा, आपला गाव बुडेल, ही धास्ती तिथे खरीखुरी होती.

विलीनीकरणावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी तो निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांनी राजीनामा दिला. विलीनीकरणाच्या फूल या चिन्हाला १,३८,१७० मतं पडली, विरोधातल्या दोन पानांना १,७२,१९१. पक्षाच्या नावातच असलेली मागणी हरली. आणि दोनच महिन्यांत, मार्चमध्ये, त्याच गोव्याने मगोला पुन्हा सत्तेवर बसवलं! पक्षाच्या साऱ्या इतिहासात मला हीच घटना सर्वांत मोठी वाटते. मागणी संपली तरी माणसं हलली नाहीत. त्यांचं नातं मागणीपेक्षा जुन्या अपमानाशी आणि नव्या शाळेशी होतं.

१९७३ ला भाऊसाहेब गेले. त्यांच्या कन्या शशिकलाताईंनी १९७९ पर्यंत कारभार सांभाळला. १९८० ला अर्स काँग्रेसने सत्ता घेतली. १९९४ ला मगोने भाजपशी युती केली, आणि बहुजनांची मतं हळूहळू त्या मित्राच्याच घरी मुक्कामाला गेली. पूर्वी दोनच घरं होती, तेव्हा दार बदलणं म्हणजे सोयरीक मोडणं. घरं वाढल्यावर ती भीड उरली नाही. मार्च २०१९ मध्ये मगोच्या तीन आमदारांपैकी दोघे भाजपमध्ये गेले, याचं दुःख जुन्या कार्यकर्त्यांइतकंच मलाही झालं.

२०२२ ला तृणमूलशी युती करून लढलेला पक्ष निकालानंतर भाजप सरकारच्या पाठीशी उभा राहिला. आमदार दोन, मडकई आणि मांद्रेचे. दोन्हीकडे मतयंत्रावर चिन्ह सिंहाचंच होतं.