विसरभोळे सरदार आणि सावनेरची वाट

इंग्रजी विनोदी वाङ्मयात पी. जी. वुडहाउस (१८८१–१९७५) यांचे स्थान निर्विवाद आहे. त्यांची ‘समथिंग फ्रेश’ ही कादंबरी १९१५ साली, पहिले महायुद्ध ऐन भरात असता, प्रसिद्ध झाली. श्रॉपशायर परगण्यातील ब्लँडिंग्ज या वाड्याचे धनी लॉर्ड एम्सवर्थ हे तिच्यातील कौतुकाचे पात्र. एका अमेरिकन लक्षाधीशाने प्राचीन इजिप्तमधील मौल्यवान कीटकाकृती वस्तू त्यांस दाखविली. लॉर्डसाहेबांनी ती नकळत खिशात टाकली, आणि ती आपणांस भेट मिळाली असे मानून ते स्वस्थ राहिले! ती परत मिळविण्यासाठी चाकरांच्या वेषाने वाड्यात शिरलेल्या मंडळींची तारांबळ हाच कथाविषय.

पांढुर्णा-सौसरच्या वाचकास ही सृष्टी वाटते तितकी परकी नाही. जुन्या मध्यप्रांतात गावोगाव मालगुजार होते. १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, त्यांचे मालकी हक्क संपुष्टात आले. पुढील कादंबऱ्यांत लॉर्डसाहेब आपल्या लठ्ठ डुकरिणीस कृषिप्रदर्शनात पदक मिळावे म्हणून जिवाचे रान करतात. आपल्या वाचकास प्राणी चमत्कारिक वाटेल. परंतु पोळ्याच्या दिवशी बैलजोडी सजवून मिरविणाऱ्या शेतकऱ्यास त्यामागील अभिमान समजावून सांगावा लागणार नाही.

मराठीत हाच विसरभोळेपणा त्याआधीच रंगभूमीवर अवतरला होता. राम गणेश गडकरी यांच्या ‘प्रेमसंन्यास’ (१९१२) नाटकातील गोकुळ व त्याची साक्ष मराठी रसिकांस चिरपरिचित आहे. येथे कोणी कोणाचे अनुकरण केले नाही. भेद मात्र मार्मिक आहे. लॉर्डसाहेबांस विसरणे परवडते, कारण त्यांच्यासाठी आठवण ठेवणारे बटलर, चिटणीस व भगिनी वाड्यात हजर असतात. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या गोकुळास ती सोय नाही. श्रीमंताचे विस्मरण विक्षिप्तपणा ठरते. सामान्याचे विस्मरण अपराध ठरू पाहते.

हे गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, सावनेर येथे निवर्तले. ‘भावबंधन’ची अखेर त्यांनी तेथेच आजारपणात पुरी केली, मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने ते नाटक गाजविले. मृत्यूच्या छायेत बसून त्यांनी लोकांना हसविले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नागपूरहून छिंदवाड्यास जाताना आधी सावनेर लागते, पुढे सौसर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने या वाटेवर सीमा पडली: सावनेर मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात, तर सौसर-पांढुर्णा मध्यप्रदेशात. २०२३ साली या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. घरांत मराठी आणि सरकारी दप्तरांत हिंदी, अशी तेथील मराठी कुटुंबांची स्थिती आहे. शेजारच्या गावी विसावलेला आपला विनोदकार उद्याच्या पिढीस अपरिचित राहिला, तर ते विस्मरण हसण्यासारखे ठरणार नाही.

सौसरजवळ जामसावळीस निद्रिस्त मुद्रेतील मारुतीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. रामायणात मारुतीरायासही स्वतःच्या सामर्थ्याचे विस्मरण झाले होते. जांबवंताने आठवण देताच त्याने समुद्र ओलांडला. म्हणून ब्लँडिंग्जचा आस्वाद अवश्य घ्यावा. मात्र त्याच बैठकीत गोकुळची साक्षही मुलांस मोठ्याने वाचून दाखवावी. जांबवंताचे काम घरातील वडीलधाऱ्यांकडेच आहे.