कॉकपिटमधला उजेड आणि एक छोटासा नॉब

घरच्या घरी फ्लाइट सिम्युलेटरचं कॉकपिट बांधणाऱ्या वेड्यांपैकी मीही एक. सध्या बोइंग 737 चं ऑटोपायलट पॅनल हातात आहे. या कामात बहुतेक जण आकड्यांचा उजेड कमी-जास्त करणारा नॉब सगळ्यात शेवटी बसवतात. माझं म्हणणं, त्याचा विचार आधी करा. का? त्यासाठी शंभर वर्षं मागे जाऊ.

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावात 1917 पासून तरुण मुली घड्याळांच्या आणि विमानांच्या डायलवर रेडियमचा रंग भरायच्या. ब्रशचं टोक बारीक करायला तो ओठांत धरायचा, असं त्यांना शिकवलं होतं. रेडियम हाडांत शिरलं, जबडे कुजले, कित्येक जणी गेल्या. पाच जणींनी कंपनीवर खटला भरला, 1928 मध्ये तडजोड झाली. वैमानिकाला रात्री आकडे दिसावेत म्हणून दिलेली ही किंमत! आणि गंमत बघा, तो उजेड कमी करायची सोयच नव्हती.

कमी कशाला करायचा? तर आपल्या डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला साधारण अर्धा तास लागतो, आणि भक्क उजेड ती क्षणात घालवतो. मग बाहेरचं काही नीट दिसत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात लाल दिवे वापरले गेले, कारण अंधारात बघणाऱ्या पेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही. पण लाल उजेडात नकाशावरच्या लाल रेघाच गायब! मग पुढे मंद पांढरा उजेड आला. दिवा मंद करायला रिओस्टॅट असायचा. आजोबांच्या घरातला पंख्याचा तो जाडजूड, गरम होणारा रेग्युलेटर आठवतोय? साधारण तसंच काम.

1962 मध्ये निक होलोन्याक यांनी लाल उजेड देणारा एलईडी बनवला आणि रेग्युलेटरची ही युक्ती लंगडी पडली. बल्बचा व्होल्टेज कमी केला की तो हळूहळू मंदावतो. एलईडी मात्र एका मर्यादेखाली एकदम विझतो, आणि शेजारशेजारचे आकडे कमी-जास्त उजळ दिसतात. उपाय काय? त्याला पूर्ण करंट द्यायचा, पण सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा. चालू वेळ कमी, तर उजेड कमी. हेच पीडब्ल्यूएम.

आता वायरिंग. एका आकड्याला सात रेघा आणि एक टिंब, म्हणजे आठ एलईडी. माझ्या पॅनलवर सहा खिडक्या, वीसहून जास्त आकडे. प्रत्येकाला वेगळी वायर म्हणजे दीडशेवर वायरींचा गुंता! इथे मॅक्स7219 ही चिप कामाला येते. ती आठ आकडे आळीपाळीने इतक्या भराभर पेटवते की डोळ्याला सगळे एकदम पेटलेले वाटतात. आर्डुइनोपासून तिला डेटाच्या तीनच वायरी लागतात. शिवाय 5 व्होल्ट आणि ग्राउंड. चिपला चिप जोडत गेलं की तीन चिपांत 24 आकडे. फक्त डिस्प्ले कॉमन कॅथोडचे घ्या, बरं का.

उजेडाच्या तिच्याकडे 16 पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची 1/32, पुढची 3/32, असं करत 31/32. म्हणजे खालची एक पायरी चढली की चालू वेळ तिप्पट, आणि वरच्या टोकाला फरक कळतही नाही. त्यात अंधाऱ्या खोलीत ती 1/32 सुद्धा डोळ्यात खुपू शकते. यावर कोडमध्ये इलाज नाही, वायरिंगमध्ये आहे. करंट ठरवणारा जो एक रेझिस्टर चिपला लावतात, तो मोठ्या किमतीचा घ्या. सगळ्या पायऱ्या एकदम खाली येतात. म्हणूनच म्हटलं, सोल्डरिंगच्या आधी विचार करा.

ही चाचणी दिवसा करू नका. रात्री खोलीतले दिवे घालवा, अर्धा तास बसा, स्क्रीनवर धावपट्टीचे दिवे बघत रात्रीचं लँडिंग करा. मग रेझिस्टर ठरवा.

तुमचं पॅनल कुठवर आलंय, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!